पहिले साधन : कान

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थ्यांच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सातवीत असताना पाठ केलेले भाषण विसरून मी याच व्यासपीठावरून अर्ध्यात खाली उतरलो होतो. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला ध्वनिक्षेपकाच्या यंत्राशेजारी बसवले आणि म्हणाल्या, "बोलता येत नसेल तर निदान दुसऱ्यांचे बोलणे नीट ऐकू जाईल एवढे बघ." माझ्या व्यवसायाचा आरंभ तिथे झाला. आज शाळेने पुन्हा त्याच व्यासपीठावर बोलावले, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

निमंत्रणासोबत मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांनी लिहून दिलेले काही प्रश्न पाठवले होते. नववीतल्या एकाने विचारले होते, "मला डीजे व्हायचे आहे. आधी कोणते यंत्र घ्यावे आणि कोणते सॉफ्टवेअर?" हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर हा प्रश्न काहींना अस्थानी वाटेल. मला तो प्रामाणिक वाटला आणि आजचे सारे बोलणे त्यालाच उत्तर म्हणून करायचे मी ठरवले.

आपल्याकडे डीजे म्हटले की टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. वास्तविक डीजे हे यंत्राचे नाव नसून माणसाचे आहे. डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्या वाजवणारा. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने आपल्या बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजवल्या. शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमवावेत म्हणून तिने ती मेजवानी ठेवली होती. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून त्यातला केवळ तालवाद्यांचा तुकडा लांबवीत नेण्याची त्याची रीत पुढे जगभर गेली. या कलेचा गाभा आजही तोच आहे: एक गाणे संपत असताना दुसरे असे जोडायचे की नाचणाऱ्याचे पाऊल अडखळू नये.

यंत्रांकडे वळण्यापूर्वी तुम्हाला मी वाराणसीला नेणार आहे. काही वर्षांपूर्वी एका विवाहाच्या कामासाठी तिकडे गेलो होतो. पहाटे नावेत बसलो. मणिकर्णिकेच्या पुढे शिंदे घाट, भोसले घाट, ग्वाल्हेर घाट अशी आपल्या ओळखीची नावे येऊ लागली. त्यांच्यापुढे बालाजी घाट आणि नंतर पंचगंगा. मराठी कुटुंबे या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. ज्या बालाजी मंदिरावरून घाटाला नाव पडले, त्या मंदिराच्या नौबतखान्यात उस्ताद बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून रियाज करीत.

1916 साली बिहारमधील डुमराव येथे जन्मलेला हा मुलगा आजोळी काशीला आला आणि मामांजवळ सनई शिकू लागला. बालाजी मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर रसूलनबाई आणि बतूलनबाई या गायिका बहिणींचे घर होते. त्यांची ठुमरी कानी पडावी म्हणून तो मुद्दाम त्या वाटेने जाई. संगीताची पहिली ओढ आपल्याला त्या बहिणींच्या गाण्याने लागली, असे उस्तादांनी पुढे आवर्जून सांगितले आहे. पहिली साधने म्हणजे एक सनई, डुमरावकडे नदीकाठी उगवणाऱ्या नरकट नावाच्या गवताची पत्ती, बसायला नौबतखाना आणि ऐकायला वाटेवरचे ते घर. 2001 साली भारतरत्न मिळाल्यावर, फाटकी लुंगी नेसू नका, असे एका शिष्येने सुचवले. सन्मान सनईला मिळाला आहे, लुंगीला नाही. लुंगी शिवता येईल, सूर फाटका मिळू नये, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो.

पहिली गोष्ट सॉफ्टवेअरची, कारण तिला पैसे लागत नाहीत. घरात जो संगणक असेल तो चालेल. मिक्स्स नावाचे सॉफ्टवेअर पूर्णतः विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. सेराटो डीजे लाइट आणि रेकॉर्डबॉक्स यांच्या प्राथमिक आवृत्त्याही फुकट मिळतात. महिनाभर केवळ कळफलकावर काम करून पाहा. गोडी टिकली तरच पुढचे पाऊल टाका.

दुसरी गोष्ट कंट्रोलरची. दोन चॅनेलचा, लहान, हवा तर वापरलेला घ्या. त्यावर दोन चक्रे, गती कमी-अधिक करण्याची सरकपट्टी आणि प्रत्येक बाजूला खर्ज, मध्य व तार स्वरांची स्वतंत्र बटणे असली म्हणजे पुरे. घेताना एक मात्र पाहावे: त्यात अंगचेच साउंड कार्ड असावे. डीजेला दोन वेगळे आवाज लागतात, एक श्रोत्यांसाठी आणि दुसरा, पुढचे गाणे तपासण्याचा, केवळ स्वतःच्या कानासाठी. साध्या लॅपटॉपच्या एका छिद्रातून हे दोन्ही नीट साधत नाहीत.

तिसरी गोष्ट हेडफोनची. कान पूर्ण झाकणारे आणि तारेचे असावेत. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि लय जुळवताना तेवढा उशीरही घात करतो.

चौथी गोष्ट घेऊच नये: मोठे स्पीकर.

सॉफ्टवेअरमध्ये 'सिंक' नावाचे बटण असते. ते दाबले की दोन गाण्यांची गती आपोआप जुळते. मग शिकायचे काय, असे तुम्ही विचाराल. एखादे जुने मराठी चित्रपटगीत घेऊन पाहा. त्या काळी वादक एकत्र बसून वाजवीत. कडव्यात लय किंचित चढे, ध्रुपदाला सैल होई. यंत्राने आखलेली मात्रांची जाळी अशा गाण्यावर बसत नाही. दादऱ्याच्या 6 मात्रा तर चारचार मोजणाऱ्या यंत्राला उमगतच नाहीत. तिथे सम कुठे आहे हे आपल्यालाच ऐकावे लागते. म्हणून पहिले सहा महिने सिंकला हात लावू नका. दहाच गाणी निवडा. एका कानाला हेडफोन, दुसरा मोकळा. सरकपट्टीने गती जुळवायची, चक्राला हलका धक्का देऊन सम गाठायची. रोज एक तास. आठवड्यातून एकदा ध्वनिमुद्रण करून स्वतःची चूक स्वतः ऐकायची.

हे मी अधिकाराने सांगत नाही, पश्चात्तापाने सांगतो आहे. विसाव्या वर्षी वडिलांना कर्ज काढायला लावून मी प्रथम विकत घेतले ते दोन भले मोठे स्पीकर. हप्ते फेडायचे म्हणून मिळेल ती मिरवणूक घेतली. गाणी जोडण्याची कला मागे पडली. आवाज वाढवणे हेच काम झाले. चार हंगाम मी त्या भिंतीला खेटून, कानात कापसाचा बोळाही न घालता उभा राहिलो. आज माझ्या डाव्या कानात अखंड एक बारीक शिट्टी वाजते. रात्री अंगणात रातकिडे ओरडत असल्याचे माझी मुलगी मला सांगते. त्या कानाला ते ऐकू येत नाहीत. गेलेले ऐकणे परत येत नाही. सूर ज्याने ओळखायचा, ते साधनच मी झिजवून बसलो.

हिशोब सोपा आहे. 85 डेसिबलच्या आवाजात कान सुमारे 8 तास तग धरतो, असे मानतात. पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला ती अवघी 15 मिनिटे उरते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती आपल्या कलेवरची बंदी समजू नका. भिंतीपलीकडे कोणी आजारी असेल, कोणी दहावीचा अभ्यास करीत असेल. हेडफोन लावून केलेल्या रियाजाचा उपद्रव कोणालाच होत नाही. तोही हळू आवाजातच करा.

शेवटी एक छोटी भेट. शाळेच्या संगीत कक्षासाठी मी दोन चॅनेलचा एक कंट्रोलर आणि दोन हेडफोन आणले आहेत. ते पेटी-तबल्याच्या शेजारीच ठेवावेत आणि तबल्याच्या गुरुजींकडून ताल शिकलेल्या विद्यार्थ्यालाच हाताळायला द्यावेत, एवढी विनंती आहे. स्पीकर मी आणलेले नाहीत. ज्या नववीतल्या मित्राने प्रश्न विचारला, त्याने कार्यक्रमानंतर मला भेटावे. पहिली दोन गाणी आपण मिळून जोडू.

मला बोलता येत नव्हते तेव्हा ज्या शाळेने ऐकायला शिकवले, तिला वंदन करून मी थांबतो.