मोजलेली गोळी



रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले की धरमतरच्या खाडीपलीकडे करंजा दिसते. त्या करंजाच्या परिसरात भारतीय नौदलाचे दारूगोळ्याचे कोठार आहे. तेथे येणाऱ्या आणि तेथून जाणाऱ्या प्रत्येक नगाची नोंद होते. सैन्याच्या कोठारात हा हिशेब असावा याचे कोणालाच नवल वाटत नाही. परंतु खेळाच्या मैदानावर, कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्या कोवळ्या वयाच्या मुलालाही प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागतो, हे ऐकले की अनेकांच्या भुवया उंचावतात. क्रिकेटच्या चेंडूंची कोणी मोजदाद ठेवत नाही, मग नेमबाजाच्या गोळ्यांचीच का, हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. त्याचे उत्तर शोधणे हाच आजचा विषय आहे.

ही मोजदाद इंग्रजांनी शिकवली, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त गडावरील दारूखाना कसा असावा, याचा बारकाईने विचार केलेला आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, तेथे पहारा असावा, ठरावीक दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून तपासावेत, वाळवावेत आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावेत, अशी ती शिस्त आहे. दारूगोळा हा राज्याचा प्राण आहे आणि निष्काळजीपणा झाला तर तोच राज्याचा घातही करू शकतो, ही जाण त्यामागे आहे.

इंग्रजांनी १८७८ साली जो शस्त्र कायदा केला, त्याची प्रेरणा मात्र वेगळी होती. तेथे शिस्तीपेक्षा अविश्वास मोठा होता. येथील प्रजेला परवान्याच्या बेडीत अडकवायचे आणि युरोपियनांना मोकळीक द्यायची, असा तो उघड पंक्तिप्रपंच होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र कायद्याने ही जुनी चौकट दूर केली. परवाना राहिला, पण तो देताना माणसाचा वर्ण पाहण्याची रीत संपली.

काडतुसाचे स्थान

या कायद्याचे एक वैशिष्ट्य सर्वसामान्यांच्या सहसा लक्षात येत नाही. कायद्याच्या दृष्टीने काडतूस हे बंदुकीचे शेपूट नाही. ते स्वतंत्रपणे कायद्याच्या कक्षेत येते. घरात बंदूक नाही, पण एक जिवंत काडतूस विनापरवाना सापडले, तरी गुन्हा दाखल होऊ शकतो. परवान्यावर शस्त्राचा प्रकार जसा लिहिलेला असतो, तशीच एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षभरात किती खरेदी करता येतील, ही संख्याही लिहिलेली असते. ज्या शस्त्राचा परवाना, त्याच शस्त्राची काडतुसे मिळतात. विक्रेत्याला प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी लागते.

१९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या शस्त्र नियमांनी घेतली. त्यात परवाना मागणाऱ्यासाठी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची तरतूद आली आणि नेमबाजी संस्था व त्यांची मैदाने यांचाही स्वतंत्र विचार झाला. आपल्याकडे हौसेखातर कोणीही चांदमारीच्या मैदानावर जावे, पैसे भरावेत आणि गोळ्या झाडाव्यात, अशी पद्धत नाही. मान्यताप्राप्त रायफल संघटनेचे सदस्यत्व, प्रशिक्षकाची देखरेख आणि नोंदवही या तीन गोष्टींखेरीज मैदानाचे दार उघडत नाही. कायद्याने शस्त्रपरवान्यासाठी एकवीस वर्षांची अट घातली आहे. तथापि विहित वयाच्या मुलांना देखरेखीखाली प्रशिक्षणापुरते शस्त्र वापरण्याची मुभाही त्याच कायद्याने ठेवली आहे. त्या मुभेतूनच आपले नेमबाज घडले.

येथे एका मराठी माणसाचे स्मरण करणे उचित ठरेल. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, ती लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळणकर यांच्या पुढाकाराने. मावळणकर घराणे मूळचे कोकणातले. सभागृहाची शिस्त राखणाऱ्या या माणसाने स्वतंत्र भारताच्या नागरिकाला नेमबाजीची शिस्त यावी म्हणून संस्था उभी केली. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही नव्या खेळाडूंना राष्ट्रीय पातळीवर येण्याची वाट करून देते.

मैदानावरचे नियम

चांदमारीच्या मैदानावरील नियम पाहिले तर त्यांतील प्रत्येकामागे सबळ कारण दिसते. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने असावी. आज्ञा होईपर्यंत काडतूस भरू नये. ‘थांबा’ म्हटले की बोट चापावरून निघाले पाहिजे. लक्ष्याकडे कोणी जाणार असेल तेव्हा सर्व शस्त्रे रिकामी, उघडी आणि हातावेगळी असावीत. शस्त्र खरोखर रिकामे आहे हे दुरूनही दिसावे म्हणून त्याच्या कोठीत रंगीत दोरी किंवा पट्टी घालतात. मैदान अधिकाऱ्याचा शब्द तेथे अखेरचा असतो. समोर ऑलिंपिकचा पदकविजेता असला तरी त्याला वेगळा न्याय नाही.

गोळी कोणती वापरायची, यावरही बंधन आहे. पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धेत ज्याला नेमबाज ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात ते छोटे काडतूस चालते आणि त्याची गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची असावी लागते. दहा मीटरच्या एअर रायफलचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो. उडत्या तबकडीवर मारल्या जाणाऱ्या शॉटगनच्या काडतुसात साडेचोवीस ग्रॅमपेक्षा अधिक छर्रे भरता येत नाहीत. चिलखतभेदी, आगलावी किंवा मागे प्रकाशाची रेघ सोडणारी गोळी मैदानावर वर्ज्य आहे. मऊ शिसे मागच्या भिंतीवर वा मातीच्या बांधावर चेपून तेथेच राहते. पोलादी गाभ्याची गोळी बांध फोडते, दगडावर आपटून उलटते, ठिणगी पाडते. ‘पॉइंट टू-टू’चे काडतूस करंगळीहूनही लहान, पण मोकळ्या जागेत त्याची गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, असा इशारा खोक्यावर छापलेला असतो. रेवसहून झाडलेली गोळी करंजाच्या किनाऱ्याची खबर घेऊ शकेल, असे ते अंतर आहे. मागे भक्कम बांध नसलेल्या जागेला मैदान म्हणता येत नाही, ते एवढ्यासाठीच.

राष्ट्रीय छात्र सेनेत ज्यांनी एकदा तरी नेम धरला आहे, त्यांना सरावानंतरचा प्रसंग आठवत असेल. जेवढी काडतुसे दिली तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या मोजून घेतल्या जातात आणि ‘जिवंत काडतूस वा रिकामी पुंगळी जवळ नाही’ असे प्रत्येकाला सांगावे लागते. एक पुंगळी कमी भरली तर सारी तुकडी गवतात शोधत राहते. पितळेच्या तुकड्याची किंमत ती काय? पण हिशेबात एकाची चूक चालवून घेतली की उद्या दहांची चालते, आणि परवा खोके नाहीसे होते.

या किनाऱ्याची आठवण

हिशेब सुटला की काय होते, हे रायगडच्या किनाऱ्याला कोणी शिकवायला नको. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, श्रीवर्धन तालुक्यातील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरवली गेली. ती कोणत्याही वहीत नोंदलेली नव्हती. ज्यांनी नोंद घ्यायची, त्या सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काही जणांनी डोळे मिटले. पुढे न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि २५७ माणसे प्राणाला मुकली.

याच्या उलट उदाहरणही याच किनाऱ्यावरचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ ‘लेडी हान’ नावाची निर्मनुष्य नौका वाहत आली. तिच्यात तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे सापडली. दहीहंडीचा सण तोंडावर होता; सारा जिल्हा हादरला, नाकाबंदी झाली. परंतु नौकेच्या नोंदींवरून मालकाचा माग त्याच दिवशी लागला, बिघाड झाल्याने खलाशांची आधीच सुटका होऊन ती प्रवाहाबरोबर भरकटली होती हे समजले, आणि भीती ओसरली. नोंद असलेले शस्त्र आपली कहाणी स्वतः सांगते. नोंद नसलेल्या शस्त्राची कहाणी लोकांना रक्ताने लिहावी लागते. नेमबाजाच्या वहीतील कंटाळवाण्या रकान्यांचे मोल या दोन प्रसंगांत आहे.

नाण्याची दुसरी बाजू

मात्र नियम योग्य आहेत एवढे म्हणून हात झटकता येणार नाहीत. नियमाचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. घरच्या संरक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्याला वर्षाला शे-दोनशे काडतुसे पुरून उरतात. नेमबाजाचे गणित निराळे आहे. रोज शंभर गोळ्यांचा सराव वर्षातले अडीचशे दिवस केला, तर आकडा पंचवीस हजारांवर जातो. दोघांना एकच माप लावणे म्हणजे मल्लाला आणि बाळाला सारखेच दूध देण्यासारखे आहे. शासनाने हे ओळखले. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला बाळगता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आणली आणि आनंदाच्या भरात इतरांचे जीव धोक्यात घालणारा गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्यापाठोपाठ फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयाने अधिसूचना काढून खेळाडूंना बाळगता येणाऱ्या शस्त्रांची आणि सरावाच्या काडतुसांची मर्यादा वाढवली. लग्नाच्या वरातीतील बंदूक आणि मैदानावरील रायफल यांत कायद्याने केलेला हा विवेक स्वागतार्ह आहे.

पण सवलतीचा मोठा वाटा नाव मिळवलेल्यांकडे जातो. ज्याचे नाव अजून व्हायचे आहे, त्याचे काय? कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकला. त्याचे नेमबाजीचे धडे नाशिकला झाले. त्याच्या खेळापायी वडिलांना कर्ज काढावे लागले, हे वृत्त तेव्हा सर्वत्र प्रसिद्ध झाले. स्पर्धेच्या दर्जाचे काडतूस बहुतांशी परदेशातून येते आणि शेतकऱ्याच्या वा मासेमाराच्या घराला ते परवडत नाही. ज्या महाराष्ट्रात खडकी आणि वरणगाव येथे सैन्यासाठी काडतुसे बनवणारे कारखाने आहेत, त्या महाराष्ट्राच्या मुलाने सरावाच्या गोळीसाठी परदेशी खोक्याची वाट पाहावी, हे खटकणारे आहे.

अंतराचा प्रश्नही आहेच. रेवसच्या मुलाला वरळीच्या मैदानावर जायचे तर आधी लाँचने भाऊचा धक्का गाठावा लागतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही वाट बंद होते. याच जिल्ह्यात, पनवेलला, अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या सुमा शिरूर यांनी प्रशिक्षण केंद्र उभे केले आणि त्यातून अनेक नेमबाज पुढे आले. पण अलिबाग तालुक्याच्या टोकाला असलेल्या खेड्याला पनवेलही रोजच्या सरावाला दूरच.

यावर उपाय आहे आणि तो नियमांच्या चौकटीतच आहे. ठरावीक ऊर्जेपर्यंतच्या साडेचार मिलिमीटरच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. विक्रेत्याने खरेदीदाराची ओळख पटवून नोंद ठेवली म्हणजे पुरे. तिचे मैदान अवघे दहा मीटरचे, शाळेच्या एखाद्या बंदिस्त दालनात मावणारे. मागे छर्रा अडवणारी भक्कम सोय, एक जाणता प्रशिक्षक, भिंतीवर मराठीत लिहिलेली नियमावली आणि रोज भरली जाणारी वही, एवढ्यावर तालुक्यातील माध्यमिक शाळा प्रारंभ करू शकतात. दहा मीटरवर ज्याचा हात स्थिरावला आणि वही चोख राहिली, त्यालाच पुढे पन्नास मीटरच्या मैदानाची आणि परवान्याच्या काडतुसाची वाट दाखवावी. ग्रामपंचायत, शाळा आणि क्रीडासंस्था यांनी मिळून हे मनावर घ्यावे.

शस्त्र हाती घेणाऱ्याचे खरे शिक्षण ते कसे झाडायचे हे नसून केव्हा झाडायचे नाही, हे आहे. मैदान अधिकाऱ्याने ‘थांबा’ म्हणताच जो थांबतो, उरलेले काडतूस जो न मागता परत करतो, त्या तरुणाच्या हाती समाज निर्धास्तपणे रायफल देऊ शकतो. गोळी मोजून घेणे हा त्याच्यावरचा संशय नव्हे. तो समाजाने त्याच्यावर टाकलेला विश्वास आहे, आणि विश्वासाचा हिशेब नेहमीच चोख द्यायचा असतो.