लाईनदोरी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालन करणाऱ्या मैत्रिणीने माझी ओळख करून दिली, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल की आता ही कॉम्प्युटरवर बोलणार. घाबरू नका. मी आज एका इंग्रजी शब्दावर बोलणार आहे. सकाळपासून तो आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. नाव नोंदवायला लाईन, जेवणाला लाईन, आणि मघाशी फोटोच्या वेळी, "मागच्या लाईनीतले जरा पुढे या!" तर शब्द आहे 'लाईन'.

आपली पिढी इंग्रजी पाचवीत शिकायला लागली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आपण शाळा सोडून गेलो होतो. पाचवीत आपल्या हातात चौरेघी वही आली. मराठी अक्षरं वरच्या रेघेला लटकतात आणि इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर बसतात, हे सरांनी फळ्यावर दाखवलं होतं. प्रार्थनेला मैदानावर मात्र वेगळीच लाईन, एका हाताच्या अंतराची. म्हणजे शब्दाचे दोन अर्थ आपल्याला पहिल्याच दिवशी कळले होते.

बाकीचे अर्थ आपल्याला कळवणने शिकवले. बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टरची लाईन. विहिरीपासून मळ्यापर्यंत पाईपलाईन. वादळात तारा तुटल्या की खांबावर चढणारा लाईनमन. पोलीस लाईन. "पोरगं चांगल्या लाईनला लागलं" म्हणजे धंद्याला किंवा नोकरीला लागलं, आणि "वाईट लाईनला लागलं" म्हणजे काय ते आईवडिलांना विचारा. आता सातबारासुद्धा ऑनलाईन. 'लाईन मारणे' या अर्थाबद्दल गुरुजन समोर बसलेत म्हणून मी काही बोलत नाही. ज्यांना माहीत आहे ते आत्ता मागे बसून हसतायत.

आठवीत मी खिशातल्या शब्दकोशातून या शब्दाचे अर्थ पाठ केले होते: ओळ, रेघ, रांग, दोरी, मार्ग, वंश, धंदा. सात. त्यातला 'दोरी' मला तेव्हा कळला नव्हता. ओळीशी दोरीचा काय संबंध? पण परीक्षेत विचारत नाहीत म्हटल्यावर मी तो सोडून दिला.

आता माझी फजिती सांगते. नाशिकला इंजिनिअरिंग करून २००२ साली मी पुण्यात नोकरीला लागले. काही महिन्यांनी परदेशातल्या ग्राहकाच्या इंजिनिअरचा ईमेल आला. शेवटी लिहिलं होतं, काम झालं की 'ड्रॉप मी अ लाईन'. आता आमच्या धंद्यात 'ड्रॉप' म्हणजे उडवून टाकणे, आणि 'लाईन' म्हणजे प्रोग्राममधली एक ओळ. मला वाटलं, हा माणूस एक ओळ काढून टाकायला सांगतोय. कोणती, ते मात्र लिहिलेलं नाही!

शेजारच्या टेबलावर इंग्रजी माध्यमातून शिकलेली मुलगी बसायची. तिला विचारायला अर्धा मिनिट पुरला असता. पण विचारलं तर ही हसेल, कळवणची मराठी माध्यमवाली म्हणेल, या भीतीने मी गप्प बसले. रात्री साडेनऊपर्यंत एकेक ओळ तपासली. एक ओळ जास्तीची वाटली. ती उडवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाकडची चाचणी बंद पडलेली. पूर्ण दिवस गेला. ती ओळ कोणी काढली याची विचारपूस झाली, तेव्हा मला उभं राहून सांगावं लागलं. त्या वाक्याचा अर्थ एवढाच होता की, काम झालं की दोन ओळी लिहून कळव. सगळे हसले, आणि मीही हसले. वसतिगृहावर आल्यावर मात्र खूप रडले. अनेक वर्षं हा प्रसंग मी आईलासुद्धा सांगितला नव्हता. मला वाटायचं, माझं इंग्रजी कच्चं म्हणून हे झालं.

हा शब्द मुळात आला कुठून, हे पुढे मी हट्टाने शोधलं. तेव्हा आठवीतली ती 'दोरी' सापडली. आपल्या घरात जवसाची चटणी होते. त्या जवसाचं शास्त्रीय नाव 'लिनम', १७५३ साली लिनियसने दिलेलं. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. आपण जवसाचं बी खातो, पण त्याच्या खोडातून धागाही निघतो. इजिप्तमधल्या ममी त्याच कापडात गुंडाळलेल्या आहेत. त्याच्यावरून ते कापड 'लिनन'. त्याच्या बियांचं तेल 'लिनसीड', क्रिकेटवाले नव्या बॅटला चोळायचे तेच. शिंपी ब्लाऊजला अस्तर लावताना 'लायनिंग' म्हणतो, तेही तिथूनच. आणि जवसाच्या धाग्याची दोरी ती 'लिनेआ'.

रोमन गवंडी आणि सुतार ही दोरी ताणून सरळ खूण करायचे. दोरी काढली तरी रेघ राहायची. म्हणून दोरीचं नाव रेघेला मिळालं. रेघेवर अक्षरं बसली, ती ओळ. माणसं उभी राहिली, ती रांग. इंग्रजीत हा शब्द दोनदा आला. आधी दोरी म्हणून थेट लॅटिनमधून, आणि १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर रेघ म्हणून फ्रेंचमधून. पुढे पुनद गिरणेला मिळते तसे दोन्ही एक झाले.

माझ्या रोजच्या कामातसुद्धा हा इतिहास आहे. अजूनही अनेक प्रोग्रामर एका ओळीत ऐंशीपेक्षा जास्त अक्षरं ठेवत नाहीत, कारण १९२८ सालच्या आयबीएमच्या छिद्रं पाडायच्या कार्डावर ऐंशी रकाने होते. ती कार्डं गेली, पण ओळीची लांबी राहिली. आणि जिच्या नावाने आमची झोप उडते ती 'डेडलाईन'! अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. हे कळल्यापासून माझ्या टीममधल्या मुलांना हा शब्द मी जरा जपून ऐकवते.

मध्यंतरी गावी घराचं काम चाललं होतं. गवंडी मदतनिसाला ओरडला, "लाईनदोरी आण रे!" मी जागीच थांबले. लाईन म्हणजेच दोरी. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधला गवंडी जे करायचा तेच हा करत होता, शब्दही तोच, आणि त्याला कुणी शब्दकोश दिला नव्हता.

मग लक्षात आलं की आपल्याकडेही हेच झालंय. सूत म्हणजे धागा. लाकडावर सूत धरणारा सूत्रधार, त्याचा झाला सुतार. माणूस सुतासारखा सरळ. गळ्यात मंगळसूत्र, फळ्यावर गणिताचं सूत्र, आणि आत्ता माझी ओळख करून दिली ते सूत्रसंचालन. त्यांनी जवसाच्या धाग्याचं जे केलं, ते आपण सुताचं केलं. ज्या भाषेची मला एवढी भीती वाटत होती, ती आपल्यासारख्याच दोरी ताणणाऱ्या, कापड विणणाऱ्या माणसांनी घडवलेली होती.

आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या रात्री माझं इंग्रजी फारसं कच्चं नव्हतं. सात अर्थ पाठ होते. आठवा विचारायची लाज वाटली, तिथे चुकलं. आपले सर शब्दाचा अर्थ विचारला की म्हणायचे, "आधी पूर्ण वाक्य सांग." वाक्य सांगायला माणूस लागतो, आणि माणसाला विचारायला थोडं धाडस लागतं. इथे बसलेल्या दहावीच्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. तुम्ही उद्या नाशिकला, पुण्याला जाल. न कळलेला शब्द रात्रभर उशाशी घेऊन झोपू नका. अर्धा मिनिट लाज वाटेल, पण दिवस वाचेल.

शाळेच्या वाचनालयासाठी मी एक मोठा शब्दकोश आणला आहे, शब्दांच्या मुळांसकट. मुख्याध्यापकांना एकच विनंती, तो कुलपाच्या कपाटात ठेवू नका. पानं फाटली तर दुसरा देईन.

आणि माझ्या वर्गमित्रांनो, घरी पोहोचलात की 'ड्रॉप मी अ लाईन'. यातली कुठलीही ओळ उडवू नका, फक्त दोन ओळी लिहून कळवा.