तळेगावाला आडनाव का आहे?

गावावरून आडनाव पडतं, हे आपल्याला माहितीये. नागपूरचे नागपूरकर. मावळात मात्र उलटं झालं, गावालाच आडनाव लागलं: तळेगाव दाभाडे. खंडेराव दाभाडे १७१७मध्ये शाहू महाराजांचे सेनापती झाले, त्यांच्या घराण्याचं हे गाव. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात आहे तळेगाव ढमढेरे. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, फाईलचं नाव एकच, फोल्डर वेगळे!

आता ॲपमध्ये आपण नुसतं ‘तळेगाव’ टाकतो. पिनकोडमुळे पार्सल येतंही. पण त्या गाळलेल्या शब्दाबरोबर, १७३१ला डभोईच्या लढाईत मुलगा गेल्यावर सेनापतिपदाचा कारभार सांभाळणाऱ्या उमाबाई दाभाडेही पत्त्यातून जातात. पुढच्या ऑर्डरला पूर्ण नाव लिहा. सात-आठ अक्षरंच तर आहेत!