संगीत, विचार आणि वाङ्मय
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संगीत हा करमणुकीचा विषय, विचार हा विद्वानांचा आणि वाङ्मय हे ग्रंथालयातील कपाटाचे, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. ही वाटणी कितपत खरी आहे, याचा शोध आज घ्यावयाचा आहे. मी संगीतशास्त्रज्ञ नव्हे. आयुष्यभर मराठीच्या तासाला कविता शिकविल्या. त्या अनुभवाच्या आधारेच हे चार शब्द बोलत आहे.

प्रथम एक शंका दूर करू. संगीत विचार सांगते काय? नुसत्या स्वरांतून कोणतेही विधान करता येत नाही. मल्हार ऐकून पावसाची आठवण होईल. परंतु आज पाऊस पडला किंवा नाही, हे काही त्यातून कळणार नाही. मग संगीताचा बुद्धीशी संबंध कोणता? तो आहे क्रमाचा आणि प्रमाणाचा. गवई आलाप करतो तेव्हा रागातील एकेक स्वर पुढे मांडतो, मागच्याशी त्याचे नाते दाखवितो आणि मगच पुढच्याकडे वळतो. ताल सुरू झाला की श्रोत्याचे मन समेची वाट पाहू लागते. हा शिस्तबद्ध विचाराचाच व्यायाम होय. पं. विष्णु नारायण भातखंडे (1860-1936) यांनी विखुरलेल्या चिजा जमविल्या आणि रागांची दहा थाटांत व्यवस्था लावली. संगीतात बुद्धीला काम नसते, तर हा खटाटोप त्यांनी केलाच नसता.

आता वाङ्मयाकडे वळू. आपल्या मराठीत गाणे आधी आणि ग्रंथ मागाहून, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे. हीच ओवी पुढे ज्ञानेश्वर महाराजांनी उचलली आणि शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, गीतेवरील भाष्य तिच्यात सांगितले. वेदान्तासारखा गहन विषय. पण त्यासाठी माध्यम निवडले ते मुसळाच्या घावाबरोबर म्हटल्या जाणाऱ्या छंदाचे! पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा तोकडा. तीन पावले चालून चौथ्याला टेकावे, तशी ही रचना आहे. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांच्या कानांना ती धरून ठेवता आली. आपली ओवी गायिली असता गाण्याला शोभा आणते आणि न गाताही रंग दाखविते, अशा आशयाचे उद्गार खुद्द महाराजांनीच काढले आहेत. संगीत आणि वाङ्मय यांच्या नात्याविषयी याहून नेमके काय बोलावे?

अभंगाचेही तसेच आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण येतात. शेवटचा चार अक्षरांचा चरण बोलणाऱ्याला फापटपसारा करू देत नाही. मुद्दा तेथे संपवावाच लागतो. शिवाय भजनात प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद पुन्हा येते. ध्रुपद ही जणू प्रतिज्ञा आणि कडवी ही तिची उदाहरणे. टाळकरी ध्रुपद उचलतात तेव्हा ऐकणारा त्या प्रतिज्ञेला नव्या उदाहरणाच्या उजेडात पुन्हा तपासतो. निरक्षर वारकऱ्याची ही तर्कशाळाच होती.

मात्र या मैत्रीत एकाने दुसऱ्यावर कुरघोडी केली, की दोघांचेही नुकसान होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 1880 साली पुण्यास रंगभूमीवर आले आणि घरोघर नाट्यपदे गेली. परंतु पुढे पुढे ताना लांबल्या, वन्समोर वाढले आणि कथानक बिचारे कोपऱ्यात उभे राहू लागले. याउलट, 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सादर झाले. छप्पन्न गीते, पण एकाही गीतात चालीने शब्दाला झाकले नाही. म्हणूनच ते एकाच वेळी काव्यही राहिले आणि संगीतही.

बंधुभगिनींनो, हे सारे आपल्या ज्ञातीच्या मेळाव्यात कशासाठी सांगितले? आपल्या जुन्या स्मरणिका चाळून पाहा. वंशावळी आहेत, देणगीदारांच्या याद्या आहेत, कर्त्या पुरुषांची चरित्रे आहेत. आपल्या आज्या-पणज्यांनी काय विचार केला, त्याची मात्र एक ओळ नाही. त्यांना पाटी-लेखणी मिळाली नाही. मिळाले ते जाते. पहाटे खुंट्यावर दोघींचे हात, वैरण घालता घालता पहिली ओळ पुन्हा म्हणावयाची, तेवढ्या अवधीत दुसरी मनात जुळवावयाची. माहेर, सासुरवास, भाऊ, विठ्ठल, दुष्काळ या सर्वांविषयीचे त्यांचे मत त्या ओळींत आहे. तेच त्यांचे वाङ्मय आणि तोच त्यांचा विचार.

बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरच्यांनी त्यांची गाणी कागदावर उतरविली, म्हणून 1951 साली त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी सुरू केलेल्या कार्यातून खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. उतरविणारे नसते, तर हे धन कोठे असते?

आपल्या घरांतून जाते कधीच गेले. ज्यांच्या कंठात त्या ओव्या आहेत, त्या माउल्या आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून माझी सूचना अशी : प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून ओव्या, पाळणे, हळदीची गाणी ऐकून लिहून घ्यावीत. शब्द जसे उच्चारले तसेच लिहावेत, शुद्ध करू नयेत. चाल भ्रमणध्वनीवर मुद्रित करावी आणि गाणारीचे नाव व गाव अवश्य नोंदवावे. पुढील स्मरणिकेची काही पाने मंडळाने यासाठी राखून ठेवावीत. देणगीदारांची यादी दोन पानांनी आखूड झाली, तरी कोणी रागावणार नाही असे मला वाटते.

हे काम पुढील वर्षावर ढकलता येईल. परंतु ते कंठ पुढील वर्षापर्यंत थांबतीलच, असे कोणी सांगावे?