साथ, शहर आणि खाटांची रांग

१९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक या शास्त्रज्ञांनी साथीच्या रोगाचं गणित मांडलं. पडताळणीसाठी आकडे घेतले मुंबईचे, १९०५-०६ मधल्या प्लेगच्या मृत्यूंचे. त्यांच्या समीकरणांत सुटा माणूस दिसत नाही. लागण होऊ शकणारे, आजारी आणि साथीतून बाहेर पडलेले असे तीन साठे, आणि त्यांतून वाहणारा ओघ. हिशेब झटपट होतो, पण चाळ आणि बंगला त्याला सारखेच!

२०२० मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी कोविडसाठी वेगळी वाट धरली. संगणकात एकेक मुंबईकर उभा केला: त्याचं घर, कामाची जागा, लोकलचा प्रवास. झोपडपट्टीची दाटी वेगळी धरली.

रुग्णालयातल्या खाटांच्या रांगेचं प्रतिमान (मॉडेल) तिसऱ्याच जातीचं. रुग्ण आला, थांबला, खाट मिळाली, घरी गेला, घटनेमागून घटना.

आता ही वेगवेगळ्या जातींची प्रतिमानं एकमेकांना जोडायची कशी? साथीच्या प्रतिमानानं रोजचे रुग्ण रांगेला पुरवायचे, हे सोपं. पण खाटा भरल्या की रुग्ण घरीच राहतो, घरच्यांना लागण होऊ शकते. ही खबर साथीच्या प्रतिमानाकडे उलट पोचली नाही, तर जोडणी नावापुरतीच, असं मला वाटतं. शिवाय साठ्यातून दिवसाला ३.४ रुग्ण निघाले, तर रांगेत उभे किती करायचे? एक उपाय असा: तिघांना आज पाठवायचं आणि उरलेला अपूर्णांक उद्याच्या खात्यात ओढायचा.