वेतन तिजोरीचे, नेमणूक कोणाची?



महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी संस्थांच्या अनुदानित शाळा वाहतात. तेथील शिक्षकाचे वेतन शासन देते, नेमणूक मात्र संस्थाचालक करतो. 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने मनमानी बडतर्फीला आळा घातला, हे ऋण शिक्षक-चळवळीने मान्यच केले पाहिजे. परंतु आत आलेल्याला संरक्षण देणाऱ्या या कायद्याने दाराची किल्ली चालकाच्याच कमरेला ठेवली.

ज्या जागेचे वेतन दुसऱ्याने द्यावयाचे आणि जी वाटण्याचा हक्क आपला, ती जागा खंड देणाऱ्या जमिनीसारखी मिळकत बनते. तीस वर्षांच्या पगाराचे आजचे मोल हिशेबात घेऊन तिची किंमत ठरते व ‘इमारत निधी’ अशा सोज्वळ नावाने वसूल होते. बापाने दोन एकर विकले तर मुलगा मास्तर होतो. ज्याला विकायला एकरच नाही त्या शेतमजुराच्या मुलीने बी.एड. होऊन काय करावे? बिंदुनामावली कागदावर काटेकोर पाळली जाते, पण राखीव बिंदूवरही ऐपतवालाच बसतो. सामाजिक न्यायाचा असा आतून पराभव होतो. 1919 साली कर्मवीर भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, त्या परंपरेचे नाव घेऊन हे चालावे, ही शोकांतिकाच.

शासनाचा दोष कमी नाही. 2000 साली शिक्षणसेवक पद्धत आणून पहिली तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर राबवण्याची सोय झाली. माध्यमिक शाळेत 2023 पासून ते 18,000 रुपये आहे. 2012 पासून भरती अडली. 2017 साली अभियोग्यता चाचणी व ‘पवित्र’ संगणकप्रणाली आली, गुणानुक्रमाला प्रथमच काही अर्थ आला. तथापि खासगी संस्थांना मुलाखतीचा पर्याय राहिला. एका जागेमागे आधी दहा, पुढे तीन उमेदवार पाठविले जाऊ लागले. दहांचे तीन झाले खरे. पण तिघांतून एकाला निवडताना काय पाहिले जाते, हे तालुक्याच्या गावी कोणालाही विचारावे.

हा प्रश्न केरळात फार पूर्वी ऐरणीवर आला होता. 1957 च्या शिक्षण विधेयकात अनुदानित शाळांचे शिक्षक लोकसेवा आयोगाने निवडावेत, अशी तरतूद होती. चालक खवळले, ‘विमोचन’ आंदोलन पेटले आणि 1959 साली नंबुद्रिपाद सरकार बरखास्त झाले. त्या आंदोलनात प्रजा समाजवादी पक्षही उतरला होता. कम्युनिस्टांच्या कारभाराविषयीचे मतभेद खरे होते, पण त्या भरात चालकांची मक्तेदारी वाचली, हे त्या वारशाच्या पाईकांनी आज तरी कबूल करावे.

महाराष्ट्रातही कित्येक संस्थांच्या कार्यकारिणीवर चळवळीतीलच माणसे आहेत. म्हणून अनुदानित जागांसाठी मुलाखतीचा पर्याय रद्द करून सरळ गुणवत्ता यादीनुसार नेमणुका व्हाव्यात, असे निवेदन प्रत्येक जिल्ह्यात शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शासनाकडे जावे. आणि त्यावरील पहिल्या सह्या शाळा चालविणाऱ्या साथींच्या असाव्यात.