इसब आणि मनावरील ताण



2009 साली मोहने येथील एन.आर.सी. कारखाना बंद पडला आणि हजारो घरांवर अनिश्चिततेचे सावट आले. अशी चिंता केवळ मनात राहत नाही. ज्याला इसबाचा विकार आहे, त्याच्या त्वचेवरही ती उमटते.

इसब केवळ चिंतेतून जडत नाही. त्याची प्रवृत्ती पुष्कळदा आनुवंशिक असते. परंतु ताणामुळे दाह वाढतो, त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते व झोप उडते. खाजविल्याने कातडी सोलवटते आणि खाज अधिकच वाढते. त्यात लोकलज्जेची भर पडते. इसब संसर्गजन्य नाही. तरीही कित्येक घरांत रुग्णाचे ताट वेगळे मांडले जाते. या दुराव्याने ताण वाढतो आणि ताणाने इसब.

उपाय साधे आहेत. कोमट पाण्याने थोडा वेळ स्नान करावे आणि अंग ओलसर असतानाच शुद्ध खोबरेल तेल लावावे. वस्त्रे सुती व सैल असावीत. नवे कापड आधी धुवावे, म्हणजे खळ निघून जाते. नखे कापलेली असावीत. खाज सुटल्यास थंड, ओल्या फडक्याची घडी ठेवावी. 48 मिनिटांचे सामायिक मनास स्थैर्य देते. लिंबू वा लसूण चोळू नये. त्याने कातडी पोळते. पू अथवा ताप आल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. चालू औषध स्वतःहून बंद करू नये.

आणि रुग्णाला पंगतीत आपल्या शेजारी बसवावे. तोही उपचारच आहे.